बदललेल्या हृदयाची झडप गळते तेव्हा

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. ह्यांचं हृदय प्रत्यारोपण होऊन 15 वर्षं झाली. पहिली काही वर्षं बायोप्सीच्या तारखा मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायचे. किती झाल्या ते मोजलं नाही, पण पंचविसाच्या वर नक्की. सगळं छान चाललं होतं. गेल्या वर्षभरात पाय सुजायला लागले, पोट फुगलं. पँट कमरेला घट्ट होते आणि दंड मात्र काटकीसारखे झालेत. इकोमध्ये ट्रायकस्पिड झडप ‘सिव्हिअर लीक’ अशी आली. लघवीच्या गोळ्या दोनदा वाढवून झाल्या. आता सर्जन म्हणतात, झडप दुरुस्त करू, नाही जमलं तर बदलू. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तरुण माणसाचं, पारखून घेतलेलं हृदय, त्याची झडप बिघडली कशी? आमची काही हयगय झाली का? दुसऱ्यांदा छाती उघडणं ह्यांना सोसेल का? आणि हे म्हणतात, ‘माझ्या छातीत काही दुखत नाही, मग घाई कशाला?’ त्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, हयगयीचं आधी. तुमची काहीही हयगय झालेली नाही. उलट ज्या तारखा तुम्ही इमानेइतबारे पाळल्यात, त्यांचाच हा परिणाम असण्याची दाट शक्यता आहे. हे ऐकून वाईट वाटून घेऊ नका, नीट सांगते.

मी सर्जन नाही. हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये 26 वर्षं भूल दिली. सर्जनचे डोळे झडपेवर असतात, माझे मॉनिटरवर. त्यामुळे माझं उत्तर टेबलाच्या डोक्याकडून दिलेलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

शरीर नवं हृदय नाकारतंय का हे बघायच्या बायोप्सीला ह्यांच्या मानेतल्या शिरेतून एक लांब, लवचीक चिमटा आत जायचा. तो उजव्या वरच्या कप्प्यातून ट्रायकस्पिड झडप ओलांडून खालच्या कप्प्यात पोहोचतो आणि दोन कप्प्यांमधल्या भिंतीचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा तोडतो. एका वेळी असे चार-पाच तुकडे घेतात. म्हणजे चिमटा झडपेतून जवळपास तितक्या वेळा आत-बाहेर होतो. पंचवीस बायोप्सींचा हिशेब तुम्हीच करा. ह्या झडपेला तीन पातळ पडदे असतात आणि ते उलटे पलटू नयेत म्हणून शिवायच्या दोऱ्याइतक्या बारीक तंतूंनी ते खालच्या स्नायूंना बांधलेले असतात. चिमट्याचा जबडा मिटताना त्यातला एखादा तंतू सापडला, की पडदा सुटतो. मग प्रत्येक ठोक्याला तो मागे उडतो आणि फुप्फुसाकडे जायचं रक्त उलट शिरांमध्ये फिरतं.

एकदा पॅथॉलॉजीतून फोन आला होता, तो अजून आठवतो. ‘तुम्ही पाठवलेल्या चार तुकड्यांपैकी तीनच स्नायूचे आहेत. चौथा पांढरा, चिवट तंतू आहे.’ इकडे दोन क्षण कुणी बोललं नाही. काय तुटलं ते सगळ्यांना कळलं होतं. तो रुग्ण त्या दिवशी हसत घरी गेला, पाय सुजायला पुढे चार वर्षं लागली.

म्हणून बायोप्सीला बोल लावू नका. 1967 च्या डिसेंबरात केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं, तो रुग्ण 18 दिवस जगला. त्यानंतरच्या काळात शरीर नवं हृदय नाकारतंय हे बहुतेकदा हृदय थकल्यावरच कळायचं. 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्टॅनफर्डला फिलिप केव्हज यांनी मानेतून जाणारा हा चिमटा वापरात आणला आणि रिजेक्शन वेळेत पकडता येऊ लागलं. ह्यांची 15 वर्षं त्या चिमट्याचीही आहेत. आता चिमटा लांब नळीतून थेट झडपेपलीकडे नेतात, म्हणजे तंतूंना सारखा धक्का लागत नाही. काही ठिकाणी ठरावीक रुग्णांमध्ये रक्ताच्या तपासणीवर भागवून बायोप्सी कमी करतात. ह्यांच्या वेळी हे सगळं कितपत होतं, ते जुन्या कागदांवरून दिसेल.

ते कागद काढलेतच तर आणखी एक शब्द शोधा, ‘बायएट्रियल’ की ‘बायकेव्हल’. जुन्या पद्धतीत, म्हणजे बायएट्रियलमध्ये, रुग्णाच्या मूळ हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची बाजू तशीच ठेवून तिला दात्याचं हृदय शिवतात. वरचा कप्पा दोन माणसांच्या भिंतींचा बनतो, मोठा आणि वेडावाकडा होतो आणि झडपेचं तोंड ताणलं जातं. बायकेव्हलमध्ये उजवा कप्पा दात्याचा अख्खा राहतो, दोन मोठ्या शिरा थेट त्याला जोडतात. त्यात झडप कमी गळते.

बायएट्रियल असेल तर एक गंमत पाहा. ह्यांच्या ईसीजीत बारकाईने बघितलं तर वरच्या कप्प्याच्या लहान लाटा दोन प्रकारच्या दिसू शकतील. एक दात्याच्या हृदयाची, जिच्यामागे ठोका पडतो. दुसरी ह्यांच्या स्वतःच्या उरलेल्या तुकड्याची, जो आपल्याच तालात चालू असतो. टाक्यांच्या ओळीपलीकडे त्याचा हुकूम जात नाही, पण रागावलं, घाबरलं की तोच पळायला लागतो, कारण त्याच्या नसा शाबूत आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मशिनच्या वायरी दोनदा तपासल्या होत्या.

गळतीची बाकी कारणं म्हणजे रिजेक्शनचे झटके, फुप्फुसातला वाढलेला दाब, पेसमेकरची तार झडपेतून गेलेली असणं. ह्यांतलं काय लागू पडतं ते इको करणारे सांगतील.

आता ‘दुखत नाही’ ह्याबद्दल, कारण तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट तीच आहे.

प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा कापल्या जातात, त्या शिवता येत नाहीत. काहींमध्ये वर्षांनुवर्षांनी थोड्याफार परत उगवतात, पण त्यावर विसंबता येत नाही. मेंदूकडून ‘हळू चाल’ असं सांगणारी नस नसल्यामुळे ह्यांची नाडी बसल्या जागी 90 ते 110 असते. जिना चढताना ती उशिरा वाढते आणि बसल्यावर उशिरा उतरते. आणि हृदयातून बाहेर जाणारा दुखण्याचा निरोपही तुटलेला असतो. म्हणजे छातीत न दुखणं हे ह्यांच्या बाबतीत चांगल्या तब्येतीचं लक्षण धरता येत नाही. ते हृदय वेगळ्या मार्गाने बोलतं, आणि ते तुम्हीच लिहिलं आहे : पँट घट्ट, दंड बारीक. पोटात आणि पायात पाणी साठतं म्हणून वजन वाढतं किंवा जैसे थे राहतं आणि आत मांस झडत असतं. वजनकाट्याकडे बघून ‘वजन चांगलं आहे’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. गळ्याच्या बाजूची शीर उशीला टेकून बसलेले असताना फडफडते का तेही बघा, ती फडफड म्हणजे मागे फिरणारं रक्त.

ह्यावरून सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. सर्जनना पहिला प्रश्न ‘झडप कशी करणार’ हा विचारू नका. ‘झडपेमागचं हृदय कसं आहे’ हे विचारा. प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू आतून सर्व लांबीभर अरुंद होत जातात. हे नेहमीच्या ब्लॉकेजपेक्षा वेगळं असतं, ठिकठिकाणी गाठ नसते, अख्खी नळीच बारीक होते. 10 वर्षांनी साधारण निम्म्या रुग्णांत हे काही ना काही प्रमाणात दिसतं. आणि दुखत तर नाहीच. त्यामुळे आधी अँजिओग्राफी हवी. उजव्या बाजूचे दाब कॅथेटर घालून मोजायला हवेत. उजवा खालचा कप्पा अजून जोर लावतोय की नुसता फुगलाय, सध्या रिजेक्शन आहे का, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन किती, यकृत किती कडक झालंय, एवढं सगळं समोर मांडूनच निर्णय व्हावा. रक्तवाहिन्या पार बारीक झाल्या असतील आणि डावा कप्पाही थकला असेल, तर एकटी झडप दुरुस्त करून पदरात फारसं पडत नाही. मग दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो, त्याला दाता लागतो, आणि पहिल्या हृदयामुळे रक्तात अँटिबॉडीज तयार झालेल्या असतील तर जुळणारा दाता मिळणं आणखी अवघड. पण हृदय बाकी धड असेल आणि दोष झडपेत असेल, तर ती दुरुस्त करून हेच हृदय पुढे चालवणं मला केव्हाही पटतं.

घाई कशाला, ह्यावर माझं मत स्पष्ट आहे. सौम्य गळती पुष्कळांना असते आणि ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. गोळ्यांवर वर्षानुवर्षं बरे राहणारेही आहेत. पण गोळ्या दोनदा वाढवूनही पाणी साठत असेल, तर तिसऱ्यांदा वाढवण्याआधी बसून बोलायला हवं. आमच्या टेबलावर जे बिनसलं, ते बरेचदा उशिरा आलेल्यांचं बिनसलं. यकृत सुजून सुजून कडक झालेलं, त्यामुळे रक्त गोठत नाही. रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनने मूत्रपिंडं आधीच अर्धी दमलेली, त्यात शिरांमधला दाब. झडप उत्तम शिवली गेली आणि माणूस आयसीयूत डायलिसिसवर अडकला, असं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे.

छाती दुसऱ्यांदा उघडण्याबद्दल. पहिल्या वेळी हृदय आणि छातीच्या हाडामध्ये मोकळी जागा असते. दुसऱ्या वेळी ते सगळं चिकटलेलं असतं, आणि करवत हाडाच्या आतल्या बाजूला पोहोचताना उजवा कप्पा किंवा मोठी शीर फाटण्याचा धोका असतो. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय ह्यांत किती मिलिमीटर अंतर आहे ते बघतात. ती फिल्म थिएटरच्या भिंतीवर लावलेली असते. अंतर कमी असेल तर हाडाला हात लावण्याआधीच जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीन जोडायची तयारी करतात. शॉक द्यायचे पॅड पाठीला-छातीला आधीच चिकटवलेले. रक्ताच्या पिशव्या खोलीत. हाड कापताना थिएटरमधलं बोलणं आपोआप थांबतं, फक्त करवत आणि मॉनिटरची टिकटिक. हाड सुटलं की कुणीतरी हळूच ‘हं’ म्हणतं, आणि मग तास-दोन तास नुसतं चिकटलेलं सोडवणं, कात्रीच्या टोकाने. खरं झडपेचं काम त्या मानाने लवकर आटोपतं. तेव्हा सोसेल का, ह्याचं उत्तर छातीच्या हाडापेक्षा यकृत, मूत्रपिंडं आणि उजवा कप्पा ह्यांच्यावर अवलंबून आहे.

दुरुस्तीत झडपेच्या तोंडाभोवती रिंग शिवून ते आवळतात, तुटलेल्या तंतूच्या जागी कृत्रिम दोरा लावतात. पडदे फारच फाटले असतील तर झडप बदलतात, आणि तिथे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप घेणंच बहुधा शहाणपणाचं. धातूच्या झडपेतून बायोप्सीचा चिमटा पुढे कधीच नेता येत नाही, आणि रक्त पातळ करायची गोळी जन्मभर लागते. ऊतीची झडप काही वर्षांनी झिजते, हे खरं. पण तेव्हा तिच्या आत दुसरी झडप शिरेतून बसवता येण्याची सोय असते.

औषधांचं मात्र तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. ह्यांना रिजेक्शनवरचंच सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस चालू असेल तर जखम नीट भरत नाही, म्हणून ते काही आठवडे आधी बदलावं लागतं. स्टिरॉइड चालू असेल तर ऑपरेशनच्या वेळी ते वाढवून द्यावं लागतं. टॅक्रोलिमसची वेळ 12 तासांनी यायला हवी, आयसीयूतही. बुरशीवरची आणि काही अँटिबायोटिक औषधं त्याची रक्तातली पातळी भराभर चढवतात. त्या तीन-चार दिवसांत टॅक्रोलिमस कोण लिहिणार, लेव्हल कोण बघणार, त्या माणसाचं नाव दाखल होतानाच विचारून घ्या. सर्जनला वाटतं प्रत्यारोपणवाले बघतील, प्रत्यारोपणवाल्यांना वाटतं आयसीयू बघतंय. आणखी एक : ताप नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही, असं ह्या औषधांवर असलेल्या माणसाबद्दल धरून चालू नका.

प्रश्न : आईचं प्रत्यारोपण 8 वर्षांपूर्वी झालं. डाव्या बाजूची मायट्रल झडप मध्यम गळते, ऑपरेशन नको असं सांगितलं आहे. तिची दाढ काढायची आहे. दंतवैद्य म्हणतात अँटिबायोटिक लागणार नाही, हृदयाचे डॉक्टर म्हणतात लागेल. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : हृदयाच्या डॉक्टरांचं. दातातले जंतू रक्तातून झडपेवर बसू नयेत म्हणून आधी अँटिबायोटिक कुणाला द्यायचं, त्याची यादी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये खूप छोटी केली, त्यामुळे दंतवैद्यांना ‘आता लागत नाही’ एवढंच लक्षात राहतं. पण त्या छोट्या यादीतही प्रत्यारोपित हृदयाची झडप बिघडलेले रुग्ण ठेवलेले आहेत. दाढ काढण्याआधी 30 ते 60 मिनिटं एकच डोस, बहुधा अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, कारण पर्यायी औषधांपैकी काहींचं टॅक्रोलिमसशी जमत नाही. आणि दाढेच्या दुखण्यावर स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी देऊ नका, मूत्रपिंडांना ती महागात पडते.

प्रश्न : मला हृदय मिळून 22 वर्षं झाली. दाता 38 वर्षांचा होता असं तेव्हा कळलं होतं. आता महाधमनीची झडप कडक होऊन अरुंद झाली आहे आणि जिन्यावर धाप लागते. छाती न उघडता जांघेतून झडप बसवतात, ती माझ्यासारख्याला चालते का?

उत्तर : चालते, आणि तुमच्यासारख्यांत बसवलेलीही आहे. तुमच्या हृदयाचं वय आधी मोजा : 38 आणि 22, म्हणजे 60. हृदय मिळालं त्या दिवसापासून आपण त्याचं वय मोजतो, पण झडपेत चुना साठतो तो तिच्या स्वतःच्या वयानुसार, आणि तुमच्या मूत्रपिंडांची स्थिती, रक्तदाब, औषधं ह्यांचीही त्यात भर पडते.

जांघेतून महाधमनीची झडप माणसात पहिल्यांदा बसवली ती 2002 मध्ये, फ्रान्समधल्या रुआँला, आलँ क्रिबिए यांनी. ज्यांना छाती उघडणं झेपणार नाही त्यांच्यासाठी ती पद्धत निघाली, आणि चिकटलेली छाती, स्टिरॉइडने पातळ झालेली कातडी, दबलेली प्रतिकारशक्ती बघता तुम्ही त्याच पंक्तीत बसता. अडचणी दोन. मापं घेण्याच्या सीटीला आणि प्रत्यक्ष झडप बसवताना डाय, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचायचं द्रव्य, लागतो, म्हणून क्रिएटिनिन बघून, पुरेसं पाणी देऊन, डाय कमीत कमी वापरावा लागतो. दुसरी, दात्याची आणि तुमची महाधमनी जिथे शिवली आहे तिथे वळण किंवा अरुंदपणा असू शकतो. तो सीटीतच दिसतो, मात्र बघणाऱ्याला आधी सांगावं लागतं की तिथे टाके आहेत.

वरच्या पत्रातल्या ताईंनाही प्रश्न पडेल, की मग ट्रायकस्पिडला हेच का नाही? तिथेही क्लिप लावायचं आणि झडप बसवायचं तंत्र आलं आहे, अमेरिकेत दोन्हींना 2024 मध्ये मान्यता मिळाली. पण क्लिपला दोन पडदे एकमेकांजवळ यावे लागतात. तंतू तुटून पडद्यांमधली फट फार रुंद झाली असेल तर क्लिपला पकडायला काही उरत नाही. अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर ते ठरतं, विचारायला हरकत नाही.

तुमच्याकडे परत येते. ही झडप बसवताना ठोक्याचा निरोप नेणाऱ्या हृदयातल्या विजेच्या मार्गावर दाब येऊन नाडी एकदम उतरू शकते, कधी पेसमेकरही लागतो. कुणाची नाडी उतरली की एट्रोपिन द्यायचं, हे आमच्या हाडीमासी खिळलेलं असतं. पण एट्रोपिन काम करतं ते नसेमार्फत, आणि तुमची ती नस कापलेली आहे. एका रात्री आयसीयूत प्रत्यारोपण होऊन दोन दिवस झालेल्या मुलीची नाडी 48 वर आली. रात्रपाळीच्या डॉक्टरने एट्रोपिन दिलं, थांबला, परत दिलं. मी पोहोचले तेव्हा तो तिसरी सिरिंज भरत होता आणि घामाघूम झाला होता. नसेवाचून थेट हृदयावर काम करणारं आयसोप्रिनॅलिन थेंब-थेंब सुरू केलं, मिनिटाभरात नाडी 90 ला गेली. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून दाखल व्हाल तेव्हा केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या : ‘प्रत्यारोपित हृदय. एट्रोपिन चालणार नाही. तात्पुरत्या पेसिंगची तार तयार ठेवा.’ आणि तेच एका कागदावर लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा.